मोरसहून परततांना

प्रवासाहून आलेला मनुष्य बहुधा आरंभापासून हकीकत सांगूं लागतो. मी मात्र आज आमच्या मॉरिशसच्या सफरीचे शेवटचे तीन दिवसच तेवढे आपल्यापुढें मांडणार आहें. आधींच्या सहा दिवसांत आम्हीं उभयतांनीं जें पाहिलें तें सर्वच प्रवासी पाहतात: पोवळ्यांच्या बांधानें शांत केलेला समुद्र, उसाचीं अफाट शेतें, पांप्लमूसच्या बागेंतील कांठ वळलेल्या परातींसारखीं कमळाचीं पानें. तीं वर्णनें आपण अनेकदां ऐकलीं असतील.

आमच्या घरांत एक जुना शब्द होता. माझी आजी पांढऱ्या साखरेस 'मोरस' म्हणे. मॉरिशसची साखर मुंबई बंदरांत उतरे, तेव्हां मुलखाचेंच नांव मालाला पडलें. ही मोरस सणासुदीलाच डब्याबाहेर निघे, आणि ती काढतांना आजी हटकून म्हणे, "ह्याच मोरसला आपला बाबाजी गेला, तो कांहीं माघारा आला नाहीं." हा बाबाजी तिच्या सासऱ्यांचा चुलता. रत्नागिरी जिल्ह्यांतलें आमचें गांव सोडून ऊस तोडायला गेला, एवढेंच तिला ठाऊक. मुलानें आम्हांला विमानाचीं तिकिटें काढून दिलीं तेव्हां समुद्राच्या आधीं मला हा बाबाजीच आठवला होता. पण सहा दिवस तें मीं मनांतच ठेविलें. सहाव्या रात्रीं बोललों, तेव्हां आमची मंडळी म्हणाली, "अहो, शाळा सुटली ना तुमची? आतां येथेंहि दप्तरें चाळणार?" म्हणाली खरी, पण सकाळीं माझ्याआधीं तीच तयार होऊन बसली होती.

मोका गांवीं महात्मा गांधी संस्था आहे. करारानें गेलेल्या मजुरांचीं जुनीं दप्तरें तेथें जपून ठेविलीं आहेत. 'ॲग्रिमेंट' या शब्दाचें त्या लोकांनीं 'गिरमिट' केलें, म्हणून ते गिरमिटिया. मजुराचें नांव, बापाचें नांव, वय, उंची, गांव, जहाज, अंगावरील खुणा, असें सारें त्यांत नोंदलेलें. पुढें पुढें छायाचित्रेंहि. आमच्या शाळेचें जनरल रजिस्टरहि इतकें नीट नसे. तेथील बाईंनीं हिंदींत विचारलें, "नंबर?" प्रत्येक मजुरास एक क्रमांक दिलेला असे, आणि त्यावांचून शोध अवघड होतो. मजजवळ नुसतें नांव होतें. बाईंनीं न कंटाळतां दोन तास खटपट केली. बाबाजी पुष्कळ निघाले. पण आमच्या गांवचें नांव एकापुढेंहि दिसेना. कदाचित् असेलहि, परक्या कारकुनानें कानाला लागलें तसें तें रोमन लिपींत उतरविलें असावें. पस्तीस वर्षें मीं मुलांचे शुद्धलेखनाचे गुण कापले. त्या दिवशीं त्या अक्षरांपुढें मलाच हार खावी लागली.

दुसऱ्या दिवशीं पोर्ट लुईचा अप्रवासी घाट पाहिला. १८३४ च्या नोव्हेंबरांत 'ॲटलस' जहाज मजूर घेऊन आलें, तेव्हांपासून पुढल्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंदुस्थानांतील सुमारें साडेचार लाख माणसें ह्या बेटावर उतरलीं. हा घाट १८४९ मधला. २००६ सालीं जागतिक वारशांत त्याची गणना झाली. पाहण्यासारखें तेथें फारसें नाहीं: दगडी भिंती, थोड्या खोल्या, आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. आरंभीं करारांत परतीचें भाडें धरलेलें असे. १८५० नंतर थोड्याच वर्षांत तो हक्क काढून घेण्यांत आला. पांच वर्षें राबलेल्या मनुष्यानें घरीं जायचें तर भाडें स्वतःच्या गांठचें. हें कळलें आणि माझा हात नकळत खिशाकडे गेला. तेथें दुसऱ्या दिवशींच्या विमानाचें तिकीट होतें, घरून निघण्यापूर्वींच काढलेलें. "माघारा आला नाहीं" या आजीच्या बोलण्यांत मला लहानपणापासून थोडा राग ऐकूं येई, जणूं तो घर विसरला. त्या पायऱ्यांपाशीं तो राग मला खरा वाटेना.

शेवटच्या दिवशीं विमानतळावर पोंचविणारा मोटारवाला साठीचा मराठी गृहस्थ निघाला. त्याचें बोलणें सारें क्रिओल. मराठी शब्द मोजके. पण जाखडीचें एक गाणें त्याला येत होतें, तें त्यानें चाक फिरवितां फिरवितां म्हणून दाखविलें. गणेशचतुर्थीला तेथें सरकारी सुटी असते हेंहि अभिमानानें सांगितलें. मीं हिंदींत त्याला बाबाजीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरीं उलटें सांगत. आजा म्हणे, गांवाला कोणी तरी वाट पाहत असेल." मग बराच वेळ कोणीच बोललें नाहीं. मोटार उसांच्या मधून चालली होती. वाटेंत एका दुकानाशीं उतरून मंडळीनें एक किलो साखर घेतली.

विमानास मुंबई गांठायला सहा तास लागतात. बाबाजीला जातांना शिडाच्या जहाजांत कित्येक आठवडे लागले असतील. मंडळी झोपली होती. मीं घड्याळाचे कांटे दीड तास पुढें केले आणि खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहत बसलों. मुंबईस पेट्या मिळण्यांत फार वेळ मोडला. त्याविषयीं न बोललेलें बरें.

घरीं आल्यावर डबा उघडला. आजीची मोरस पांढरीशुभ्र असे. ही तपकिरी, काकवीच्या वासाची. शेजारच्या वहिनी चहा पितांना म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन गुळच आणलात कीं!" मंडळीनें तरीहि डब्यावर 'मोरस' अशी चिठ्ठी चिकटविली. मीं आमच्या गांवाचें नांव रोमन लिपींत जितक्या तऱ्हांनीं लिहितां येईल तितक्या तऱ्हांनीं एका कागदावर लिहून काढलें. सतरा झाल्या. तो कागद मोक्याच्या बाईंकडे पाठविला आहे. अजून उत्तर आलेलें नाहीं.