स्विचमधल्या भिंती

मंडळी, पातुरात नेटवर्कवर व्याख्यान आहे म्हटल्यावर दोघांनी दारातच विचारलं, "वायफायचा पासवर्ड मिळते का?" मिळणार नाही. पण तो कोणाला द्यावा आणि दिल्यावर त्यानं कुठवर जावं, ते आज सांगतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रानं ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना मंजूर केली. २०१५ पासून तिचं नाव भारतनेट. उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. फायबर कुठवर आली, यावर बोलणारे पुष्कळ. ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या डब्यात शिरल्यावर पुढं काय, हे कोणी विचारत नाही.

समजा, एकाच स्विचमध्ये ग्रामसेवकाचा संगणक, शेजारची शाळा, चौकातलं फुकट वायफाय आणि कॅमेरे, अशा सगळ्यांच्या तारा खोचल्यात. नव्या स्विचचे पोर्ट सहसा सगळेच व्हीएलएएन १ मध्ये, म्हणजे एकाच आभासी जाळ्यात असतात. चौकातला एखादा मोबाईल आयपी पत्ता मागायला ब्रॉडकास्ट सोडतो, तेव्हा ती कोतवालाची दवंडी होते; काम असो-नसो, प्रत्येकाला कान द्यावाच लागतो. ते एक वेळ चालेल. पण तोच मोबाईल कॅमेऱ्याच्या लॉगिनपर्यंतही पोचतो, आणि तिथला पासवर्ड बहुधा कारखान्यातून आला तसाच असतो.

या चौघांना वेगळं ठेवायला चार स्विच घ्यायला नकोत. एकच घ्या, पण मॅनेज्ड. साध्या स्वस्त स्विचला हे जमत नाही. बेल्कोअरमधल्या डेव्हिड सिंकोस्कींनी १९८० च्या दशकात या विभागणीचा पाया घातला, आणि १९९८ साली ८०२.१क्यू हे मानक आलं. फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग बसतो. त्यातले १२ बिट क्रमांकाचे, म्हणून वापरण्याजोगे क्रमांक ४०९४. आपल्याला चार पुरेत: कार्यालय १०, शाळा २०, वायफाय ३०, कॅमेरे ४०. संगणकाचा पोर्ट ॲक्सेस करून त्याला एकच क्रमांक द्यायचा. शाळेतल्या स्विचकडे जाणारी तार ट्रंक. तिच्यावरून सगळे क्रमांक टॅगसकट जातात. नेटिव्ह व्हीएलएएन तेवढा सहसा बिनटॅगचा जातो; तो दोन्ही टोकांना सारखा ठेवा.

इथं बरेच जण हात झटकून मोकळे होतात. पण चौघांनाही इंटरनेट एकाच राउटरमधून मिळतं, आणि एका जाळ्यातून दुसऱ्यात नेणं हे तर त्याचं कामच. "३० मधून १० मध्ये सोडू नको" असा नियम लिहिला नाही, तर तो सगळ्यांची गाठ घालून देतो. व्हीएलएएन केलं की सुरक्षा झाली, असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून मी चहाही घेत नाही.

आता अंगाशी येणारी खोड. सिस्कोच्या स्विचवर राउटरकडच्या ट्रंकला ४० वाढवायचा, तर आज्ञा अशी: स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीएलएएन ॲड ४०. त्यातला 'ॲड' राहिला, की आधीची यादी पुसून एकटा ४० उरतो. शाळा बंद, वायफाय बंद. तुम्ही अकोल्यात बसून हे करत असाल, तर तुमचाही संपर्क तुटतो. मग काढा गाडी भर उन्हात. म्हणून जाणती माणसं बदलाआधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवतात. संपर्क तुटलाच, तर दहा मिनिटांनी स्विच आपणहून रीस्टार्ट होतो आणि सेव्ह केलेल्या जुन्या रचनेवर येतो. काम जमलं, तर 'रीलोड कॅन्सल' करायचं आणि लगेच सेव्ह. सेव्ह राहिलं, तर वीज गेली की सगळी मेहनत गेली; आणि मे महिन्यात आपल्याकडे वीज जायला निमित्त लागत नाही.