चर्चचा हिशेब चर्चच्या फळ्यावर



 १९२१ साली याच मुळशी खोऱ्यातले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले आणि सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. आमच्या जमिनीचा निर्णय आम्हाला न विचारता कसा घेता, हा त्यांचा सवाल होता. आपल्या विषयाला हे खोरे साजेसे आहे.

या संमेलनाचा विषय आहे धर्मगुरूंचा प्रामाणिकपणा. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असे काही वडीलधाऱ्यांनी विचारले. ज्यांच्या हातून आपल्या लेकरांचा बाप्तिस्मा झाला, आईवडिलांना मूठमाती देताना जे कबरीशी आपल्याबरोबर उभे राहिले, त्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत. म्हणूनच खरे बोलायचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन सांभाळले, हरित वसईसाठी ते रस्त्यावर उतरले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मराठी समाजाने त्यांना दिले. धर्मगुरू निर्भयपणे बोलला की लोक त्याला आपला मानतात. ती निर्भयता आता चर्चच्या आतही हवी.

आधी पैशाचे बोलतो. १९८३च्या चर्चच्या कायद्यात नियम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. नियम १२८७ सांगतो की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा. नियम २१२ तर चर्चच्या हिताचे मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडणे हा आपला हक्क आणि प्रसंगी कर्तव्यही मानतो. म्हणजे रोमशी भांडायचे कारणच नाही! पण रविवारी मिस्सा सुटल्यावर फळ्यापाशी उभे राहून पाहा. लग्नाच्या जाहिराती असतात, नोव्हेनाच्या वेळा असतात, सहलीची वर्गणी असते. सणाला किती जमले आणि कशावर गेले, तो कागद बहुतेक ठिकाणी नसतो. कुठे वर्षातून एकदा हिशेब वाचला जातो, त्यातही मोठी रक्कम ‘किरकोळ’मध्ये बसवलेली असते. आपण ऐकतो आणि गाडीला किक मारतो. हा दोष एकट्या फादरांचा नाही.

याहून जड गोष्ट लेकरांची. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये २०१५ साली एका तेरा वर्षांच्या मुलावर धर्मगुरूने लैंगिक अत्याचार केला. डिसेंबर २०२१मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. पोक्सो कायद्याचे १९वे कलम स्पष्ट आहे: कळले की पोलिसांना कळवायचे. बिशप असोत, मुख्याध्यापिका सिस्टर असोत की मी असो, सूट कोणालाच नाही. पापनिवेदनाच्या गुप्ततेचा प्रश्न वेगळा. ऑफिसात, व्हरांड्यात, आईच्या तोंडून कळलेली गोष्ट दाबायला त्या गुप्ततेची ढाल करता येणार नाही. आरोप झालेल्या फादरांची दुसऱ्या गावी बदली करणे म्हणजे त्या गावच्या लेकरांना धोक्यात घालणे. तत्कालीन पोपमहोदयांनी २०१९मध्ये अशा खटल्यांवरचे गुप्ततेचे बंधन उठवले, तरी आपल्याकडे अजून ‘बदनामी नको’ हेच ऐकू येते. बदनामी गुन्ह्याने होते, तक्रारीने नाही.

जातीबद्दलही बोलले पाहिजे. नगर जिल्ह्यात चर्च उभे राहिले ते प्रामुख्याने दलित कुटुंबांच्या श्रद्धेवर. चर्चमध्येही भेदभाव आहे, हे भारतीय बिशपांनी २०१६च्या धोरणात कबूल केले. कबुली दिली, बरे झाले. आता अधिकाराच्या जागा कोणाला मिळतात ते पाहू.

शेवटचा मुद्दा धर्मगुरूंच्या घडणीचा. देशभरातले कितीतरी धर्मगुरू पुण्यात, नगर रस्त्यावरच्या पेपल सेमिनरीत आणि ज्ञानदीपमध्ये घडतात. या जिल्ह्याचे यजमान म्हणून आमचे मागणे आहे की त्यांच्या घडणीत प्रापंचिकांचा, विशेषतः स्त्रियांचा, वाटा वाढावा. २०२४च्या सिनॉडच्या अंतिम दस्तऐवजानेही हेच सुचवले आहे. एकटेपणा आणि कामाचा भार यांनी थकलेल्या फादरांनाही त्यातून मन मोकळे करायला माणसे मिळतील.

स्वागत समितीने दोन ठराव दिले आहेत. प्रत्येक धर्मग्रामाचा तपासलेला हिशेब दरवर्षी फळ्यावर लागावा, आणि मुलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रत्येक समितीत चर्चबाहेरचा वकील व किमान दोन माता असाव्यात. दुपारच्या सत्रात त्यांवर मोकळेपणी बोला. मंचावरील फादरांनीही बोलावे, विरोध असेल तर तोही मांडावा. मतदान उद्या सकाळच्या मिस्सानंतर याच सभागृहात होईल.