नांगराची जागा
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय तुम्हीच निवडा, असे चिटणिसांनी आम्हांस कळविले. आम्ही 'शिडाच्या लहान होडीतून किनाऱ्याचा प्रवास आणि नांगराच्या जागा' असे लिहून पाठविले, तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली म्हणतात. त्यांचे काही चुकले नाही. आपले बीदर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच. मांजरा आणि कारंजा हेच आपले पाणी. येथे नांगर म्हटला की डोळ्यांपुढे बैलच येतात.

परंतु आम्ही शाळेत इतिहास-भूगोल शिकवितो, आणि बीदरच्या इतिहासाचा एक दरवाजा समुद्राकडे उघडतो. ज्यांचा मदरसा १४७२ साली उभा राहिला, ते महमूद गवान इराणातील गिलान प्रांताचे. १४५३ च्या सुमारास, वयाच्या चाळिशीत, ते व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरले आणि घाट चढून बीदरला आले. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरला पावसाळा काढून तो बीदरला आला, आपल्या आळंदच्या जत्रेतील घोड्यांचा बाजार त्याने लिहून ठेवला, आणि परतताना दाभोळलाच जहाजावर चढला. बहमनी फौजेला लागणारे अरबी-इराणी घोडे समुद्रमार्गे येत. कोकणातील खाड्यांतून निघणारी लुटारू गलबते हा व्यापार अडवीत. म्हणून गवानांनी १४६९ ते १४७२ च्या मोहिमेत संगमेश्वर, खेळणा आणि शेवटी गोवे घेतले. कोणत्या खाडीत कोणाला आसरा मिळतो, हा प्रश्न बीदरच्या दरबारालाही सुटला नव्हता.

हे सर्व आम्ही वीस वर्षे शिकविले. दाभोळ मात्र पाहिले नव्हते. योग आला तो आपल्याच वसतिगृहातील एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. भालकी तालुक्यातील हा मुलगा आता मुंबईत जहाजदुरुस्तीच्या कामावर आहे. त्याने व त्याच्या मित्राने मिळून अठरा फुटांची एक जुनी शिडाची होडी घेतली आहे. तिच्या तळाला वरखाली होणारे पाते आहे. ते उचलले की दोन फूट पाण्यातही होडी तरते. दोन चाकांच्या गाड्यावर चढवून तिला जीपमागे ओढीत नेता येते आणि कोणत्याही बंदराच्या उतारावरून भरतीला पाण्यात सोडता येते. 'सर, तुमचा इतिहास जेथे उतरला तेथून निघू,' असे त्याने लिहिले, आणि मागील फेब्रुवारीत आम्ही तिघे दाभोळला जमलो.

दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर आहे. समोर दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड. धक्क्याजवळ विजापुरी घाटाची जुनी मशीद आहे. तेथे नमाजानंतर एका वृद्ध तांडेलाशी गाठ पडली. आम्ही दक्षिणेस जाणार हे ऐकून त्यांनी तीन प्रश्न सांगितले. नांगर टाकण्यापूर्वी विचारायचे: वारा कोठला? तळ कसला? आणि ओहोटीला पाणी किती उरेल?

वारा पहिला. कोकणात हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो, दहाच्या सुमारास तो पडतो, आणि दुपारनंतर वायव्येचा वारा उठून सूर्यास्तापर्यंत जोर धरतो. त्या दिवसांत ज्या कोंडाच्या उत्तरेला डोंगराचे नाक आहे तेथे आडोसा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा. मग आडोसा दक्षिणेच्या नाकामागे. म्हणजे जानेवारीतील सुखाची जागा जूनमध्ये मरणाची होऊ शकते. सर्व ऋतूंत चालणारी बंदरे थोडी. विजयदुर्गच्या मुखाशी वाळूचा दांडा नाही, म्हणून शिडाच्या काळात मोठी जहाजेही पावसाळ्यात तेथे आसरा घेत. देवगडचे बंदर जमिनीने वेढलेले आहे. हर्णैला सुवर्णदुर्गाचे बेट पुढे उभे आहे.

तळ दुसरा. चिखलात नांगर घट्ट रुततो, वाळूत बरा, खडकावर एक तर धरत नाही किंवा असा अडकतो की सुटत नाही. तिसरे ओहोटीचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. हिंदू तांडेल तिथी मोजतो, मुसलमान तांडेल चांद मोजतो. चंद्र एकच असल्यामुळे दोघांची भरती एकाच वेळी येते.

शेवटी ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, 'असरच्या नमाजापूर्वी नांगर पडलाच पाहिजे.' आम्ही मान डोलावली. वर्गात मुले डोलावतात तशीच.

दुसऱ्या दिवशी वद्य चतुर्थी होती. सहाला ओहोटीबरोबर निघालो, मतलईने दहापर्यंत छान नेले, मग दोन तास शीड लोंबत राहिले. दुपारी वायव्येचा वारा आला आणि तीनच्या सुमारास जयगडचा किल्ला डावीकडे दिसू लागला. ही शास्त्री नदीची खाडी. हिच्याच वरच्या अंगाला संगमेश्वर. दाभोळपासून सतरा सागरी मैल झाले होते, भरती अजून आत जात होती, आणि बेतही येथेच थांबण्याचा होता.

आमच्या अंगात मात्र उत्साह शिरला होता. रत्नागिरी अठराच मैल, वारा पाठीचा, सूर्य मावळायच्या सुमारास पोहोचू. आम्ही म्हटले, 'एवढा चांगला वारा फुकट का घालवायचा?' विद्यार्थ्याने क्षणभर किल्ल्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि 'बरं सर,' म्हणून सुकाणू तसेच धरून ठेवले.

चार मैलांवर वाऱ्याने रंग बदलला. लाटांवर पांढरे फेस आले; मागून लाट आली की होडीची नाळ पुढे दबू लागली. शीड अर्धे गुंडाळावे लागले. होडीच्या मागे छोटे इंजिन होते, पण लाटेवर मागचा भाग उचलला की त्याचा पंखा हवेतच फिरे. पुढे चौदा मैल उघडा किनारा, आणि शेवटी अंधारात अनोळखी बंदर, जाळी आणि मच्छीमारांच्या नौका. तेव्हा तो मुलगा आम्हांस न विचारता म्हणाला, 'परत फिरतो. जयगड मला ठाऊक आहे.'

येताना तासात काटलेले चार मैल जाताना चार तासांचे झाले. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही. आज डावीकडे तिरके, मग उजवीकडे तिरके, असे नागमोडी चढावे लागते. असर होडीत बसूनच पढलो, मगरिबही तशीच. सूर्य मावळल्यावर वारा हळूहळू उतरला, पण खाडीच्या मुखाशी ओहोटी बाहेर येत होती आणि वाऱ्याच्या लाटा तिच्यावर आदळून उभ्या राहत होत्या. चंद्र उगवलेला नव्हता. दीपगृहाचा झोत आणि तेथे आता झालेल्या मोठ्या बंदराचे दिवे, एवढाच आधार. आम्ही डब्याने पाणी उपसत होतो. तरंगते जाकीट अंगावर होते. घरची मंडळी डोळ्यांपुढे होती.

आठ वाजून गेल्यावर किल्ल्याच्या आत वळलो आणि लाटा एकदम थांबल्या. आडोसा म्हणजे काय, हे त्या क्षणी शरीराला कळले. विद्यार्थ्याने दोरीला वजन बांधून खोली मोजली: बारा फूट, खाली चिखल. तो मोठ्याने हिशेब करू लागला: 'आणखी सातेक फूट भरती चढेल, म्हणजे एकोणीस; पाचपट पंचाण्णव; शंभर फूट दोर सोडू.' मग काठावरचे दोन दिवे एका रेषेत धरून तो अर्धा तास पाहत राहिला. दिवे सरकले नाहीत, म्हणजे नांगर धरला होता. डोलकाठीला पांढरा दिवा टांगून आम्ही भाकरी खाल्ली.

झोपण्यापूर्वी तो म्हणाला, 'सर, दुपारी येथे मला नको म्हणायचे होते. पण तुम्ही म्हणालात.'

मंडळी, वीस वर्षांत आमच्याविषयी इतका कडक शेरा कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याने लिहिलेला नाही. त्या मुलाला पाणी, वारा, होडी सर्व ठाऊक होते. आम्हांला त्यातील काहीच ठाऊक नव्हते. तरी निर्णय आमचा चालला, कारण मोठ्यांचा शब्द मोडू नये हे त्याला आम्हीच शिकविले होते. त्या धड्यापायी तीन घरांत रडारड व्हायची वेळ आली होती. आम्ही त्याला रात्रीच सांगितले, 'पुढे असे झाल्यास स्पष्ट नको म्हण.' हे सांगायला आम्हांस बराच उशीर झाला होता.

आपला ट्रस्ट खेड्यातील मुलांना पंचवीस वर्षे आसरा देत आला. आसऱ्याची किंमत आम्ही कमी लेखीत नाही. ती कळावी म्हणून तर एवढी कथा सांगितली. पण होडी आसऱ्यात राहण्यासाठी नसते. ती सकाळी पुन्हा निघते. तेव्हा निघणाऱ्या मुलाला पुढच्या नांगराची जागा दिवस असतानाच हेरता यावी, आणि समोर गुरू असो, वडील असोत की वरिष्ठ असोत, अदबीने पण ठामपणे 'नको' म्हणता यावे. गुणपत्रिकेत याला रकाना नाही.

एक सूचना करून थांबतो. दर उन्हाळ्यात वसतिगृहातील प्रत्येक मुलाला पोहणे शिकवावे, आणि दहा मुलांना आठ दिवस कोकणात न्यावे. आमचा विद्यार्थी होडी देण्यास तयार आहे. मुलांबरोबर आम्हीही जाऊ. सुकाणू त्याच्या हाती राहील, आणि असरपूर्वी नांगर पडेल, इन्शाअल्ला.