पदवीच्या वाटेवरील मार्गदर्शक

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजीं झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेल्या या संस्थेचें काम प्रारंभीं शिकविण्याचें नव्हतें. परीक्षा घेणें आणि पदव्या देणें एवढेंच तें होतें. शिकविण्याचा भार महाविद्यालयांवर होता. १८६२ सालीं बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडींत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चौघेजण होते. विद्यार्थी इतके थोडे असतां कोणाचें अक्षर कसें आणि कोण कोठें अडखळतो हें प्राध्यापकास सहज कळतें. निराळ्या मार्गदर्शकाची उणीव भासत नाहीं. पुढें विद्यार्थ्यांची संख्या चारांवरून लाखांवर गेली. परीक्षा घेणारा एक आणि शिकविणारा दुसरा ही जुनी विभागणी बव्हंशीं कायम राहिली. विद्यार्थ्यास नांवानें ओळखणारा मनुष्य मात्र मधल्यामध्यें नाहींसा झाला. विद्यापीठाच्या दृष्टीनें विद्यार्थी म्हणजे एक बैठक क्रमांक उरला.

या उणिवेची झळ कोणास लागते हें समजून घ्यावयाचें असेल, तर बदलापूर पूर्वेकडील कात्रपसारख्या वस्तीकडे पाहावें. एके काळचें हें खेडें आतां इमारतींनीं भरून गेलें आहे. बदलापूरपासून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें ६८ किलोमीटरांवर आहे. येथील मुलें-मुली कोणी उल्हासनगरास, कोणी कल्याणास, तर कोणी थेट मुंबईस शिकावयास जातात. सकाळची लोकल चुकली कीं पहिला तास बुडतो. संध्याकाळीं कोणी लहान मुलांच्या शिकवण्या घेतो, कोणी दुकानांत उभा राहतो. अनेक घरांतून महाविद्यालयापर्यंत पोंचलेलें हें पहिलेंच मूल असतें. आईवडील पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. परंतु कोणता विषय घ्यावा, एखाद्या विषयांत गुण कां कमी पडले, हें विचारावयास जावें तर कोणाकडे, हें त्यांनाहि ठाऊक नसतें.

पूर्वी हा प्रश्न एका अर्थानें सोपा होता. अभ्यासक्रम ठरलेला असे आणि निवडण्यासारखें फारसें कांहीं नसे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ती स्थिति पालटली. महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षास नवी रचना लागू झाली. आतां मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचा विषय, अन्य शाखेचा विषय असे अनेक पर्याय समोर येतात, आणि सर्व हिशोब क्रेडिटांत होतो. वर्गांतील सुमारें पंधरा तासांच्या अध्यापनास एक क्रेडिट, असें त्याचें ढोबळ माप आहे. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० क्रेडिटें लागतात. निवडीचें स्वातंत्र्य ही मोठी गोष्ट होय. परंतु वाट न दाखवितां दिलेलें स्वातंत्र्य पुष्कळदां मित्रानें जें निवडलें तेंच निवडण्यांत संपतें.

याच रचनेंत आणखी एक तरतूद आहे, आणि कात्रपमधील घरांनीं ती नीट समजून घेणें अगत्याचें आहे. मध्येंच शिक्षण थांबवावें लागलें, तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडतां येतें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणें पहिल्या वर्षीं बाहेर पडणाऱ्यानें किमान ४० क्रेडिटें मिळवून शिवाय उन्हाळ्याच्या सुटींत ४ क्रेडिटांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो. तीन वर्षांच्या आंत परत येतां येतें, आणि सात वर्षांच्या आंत पदवी पुरी करावी लागते. आतां असें समजा कीं, वडिलांचें काम सुटल्यामुळें एखादा मुलगा फेब्रुवारींत वर्गांत येईनासा झाला. त्यास हे नियम आधीं कोणी सांगितले, तर तो परीक्षा देईल, तो छोटा अभ्यासक्रम करील आणि परतीची वाट मोकळी ठेवील. कोणीच न सांगितलें, तर त्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. दोघांची अडचण एकच. एकास वेळेवर सल्ला मिळाला, दुसऱ्यास मिळाला नाहीं, एवढाच फरक. सल्ल्यावांचून ही तरतूद शिक्षण सुटण्यास दिलेलें एक गोंडस नांव ठरण्याचा संभव आहे.

परीक्षेविषयींहि हेंच म्हणावें लागतें. डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगानें १९४९ सालीं सांगितलें कीं, विद्यापीठीय शिक्षणांत एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षांची सुचवावी लागेल. तदनंतर वार्षिक परीक्षेच्या जागीं सत्रपरीक्षा आल्या, टक्क्यांच्या जोडीला श्रेणी आल्या, आणि अंतर्गत मूल्यमापनहि आलें. तरीहि गुण पाहण्याची दृष्टि फारशी बदलली नाहीं. गुणपत्रक हा निकाल म्हणून वाचला जातो. निदान म्हणून क्वचितच. अर्थशास्त्रांत अनुत्तीर्ण झालेल्या मुलीस विषय समजला नव्हता, इंग्रजींतून लिहितां आलें नव्हतें, कीं तीन तासांत उत्तरें पुरीं करतां आलीं नव्हतीं? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. गुणपत्रकावरील आंकडा मात्र एकच असतो. त्या आंकड्याचा अर्थ तिच्याशेजारीं बसून कोणी तरी लावावयास हवा. उत्तरपत्रिका परीक्षार्थ्यास पाहावयास मिळाली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला आहे. पुष्कळ विद्यार्थी या हक्काचा उपयोग गुण वाढविण्यापुरताच करतात. वास्तविक आपली चूक आपल्या डोळ्यांनीं पाहणें हा त्याचा अधिक मोठा लाभ होय.

परीक्षायंत्र कोलमडलें म्हणजे काय होतें, हें २०१७ सालीं दिसून आलें. मुंबई विद्यापीठानें त्या वर्षीं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धति पुरेशा तयारीवांचून सुरू केली. कायद्याप्रमाणें निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागावयाचे. ते महिनोन् महिने रेंगाळले. ऑक्टोबरांत कुलगुरूंना पदावरून दूर करण्यांत आलें. परंतु उच्च शिक्षणाची प्रवेशाची वेळ टळून गेलेल्या विद्यार्थ्यांस त्यांचें वर्ष कोणीच परत दिलें नाहीं. अशा वेळीं तात्पुरता दाखला कोठें मिळेल आणि अर्ज कोणाकडे करावा, एवढें सांगणारा एक माणूस महाविद्यालयांत असणें हाहि मोठा आधार असतो.

असा माणूस कागदावर पुष्कळ ठिकाणीं आहे. महाविद्यालयांचें मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेनें विद्यार्थी आणि मार्गदर्शक शिक्षक यांचें प्रमाण विचारावयास प्रारंभ केल्यापासून याद्याहि तयार झाल्या. यादी असणें आणि भेट होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तीस-चाळीस मुलांमागें एक शिक्षक, वेळापत्रकांत आठवड्याचा एक राखून ठेवलेला तास, आणि पहिल्या चांचणीनंतर प्रत्येकाशीं दहा मिनिटांचें बोलणें, एवढें झालें तरी बराच पल्ला गांठतां येईल. ७५ टक्के हजेरीचा नियम सत्राच्या शेवटीं दाखविला तर ती शिक्षा होते. दुसऱ्या महिन्यांत दाखविला तर तो इशारा होतो. ज्यास नोकरीमुळें वर्गांत येणें अशक्य आहे, त्यास १९८९ सालीं नाशिक येथें स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग सुचवितां येईल. ज्याचें मन खचलें आहे, त्यास शिक्षकानें उपदेश न करतां तज्ज्ञाकडे पोंचवावें. २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवण्यास कांहींच खर्च पडत नाहीं.

घरच्या मंडळींचाहि यांत वांटा आहे. निकालाच्या दिवशीं “किती मिळाले?” हा प्रश्न घरोघरीं विचारला जातो. त्याऐवजीं सत्राच्या मध्यावर “तुझा मार्गदर्शक शिक्षक कोण, आणि त्यांची तुझी भेट झाली काय?” असा प्रश्न आईवडिलांनीं विचारावा. शिक्षकाचें नांव मुलास सांगतां आलें नाहीं, तर तें महाविद्यालयांत जाऊन विचारावें. तो त्यांचा अधिकार आहे. परीक्षा घेणारी व्यवस्था १८५७ पासून उभी आहे. त्या परीक्षेपर्यंत मुलास हात धरून नेणारी व्यवस्था अशा विचारण्यानेंच उभी राहील.