पेटींतलें पाणी

मालवणासमोरील सिंधुदुर्ग किल्ल्याचें बांधकाम १६६४ सालीं सुरू झालें. त्याच्या चहूंकडे खारा समुद्र. आंत मात्र दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पाणी कोठें असावें आणि कोठें नसावें, हाच तेथें मुख्य विचार. संगणकाच्या लहानशा पेटींत जलशीतनाची योजना बसवितांनाही हाच विचार करावा लागतो.

पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं. तें केवळ तिचें वाहन. प्रोसेसरवरील ठोकळ्यांतून उष्णता घेऊन तें पंपाच्या जोरानें रेडिएटरकडे जातें व पंखा ती बाहेर टाकतो. म्हणून वैशाखांत खोलींतील हवेहून हें पाणी अधिक थंड होणार नाहीं.

१२० मिलिमीटरच्या पंख्याची जाडी बहुधा २५ व रेडिएटरची सुमारें २७ मिलिमीटर. म्हणजे ५२ मिलिमीटर जागा हवी. पंख्याच्या स्क्रूंमधील अंतर १०५ मिलिमीटर. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना बसवून पाहावा. मग सर्व यंत्रभाग बाहेर काढूनच पत्रा कापावा. लोखंडाचा कीस विजेच्या मार्गांत पडल्यास घात होतो. कापलेली कडा घासून लगेच रंगवावी, कारण आमच्या खाऱ्या वाऱ्यांत उघडें लोखंड लवकर गंजतें.

नवी होडी गळते कीं काय, हें कोणी भर समुद्रांत जाऊन पाहत नाहीं. तसेंच येथेंही २४ तास केवळ पंप चालवावा व सांध्यांखालीं कागद पसरावा. याच पेटींत वर्षांचे हिशेब व घरच्यांचीं छायाचित्रें असतात. कागद कोरडा राहिला, तरच बाकीच्या भागांस वीज जोडावी.