लघवी स्वच्छ, तरीही मूल सुजलेलं



गाडगेबाबांची समाधी या अमरावतीत आहे आणि मेळघाटाची वाट इथूनच जाते. मुलांच्या अंगातलं प्रथिन कुठे जातं, याचा विचार करायला याहून योग्य गाव मला सुचत नाही.

मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडून सुजलेलं मूल आलं की आपल्या ओठांवर दोनच शब्द असतात: कुपोषण किंवा किडनी. बहुतेक वेळा ते खरेही ठरतात. पण लघवी तपासली, त्यात प्रथिन नाही. यकृत ठीक आहे. मूल महिन्यापूर्वीपर्यंत चांगलं खातपीत होतं. आणि तरी रक्तातलं अल्ब्युमिन दोनच्या खाली. तेव्हा काय? अशा वेळी आईकडे वळून ‘याला खायला काय घालतेस?’ असं विचारलं जातं. ती माउली मान खाली घालते. तो दोष पुष्कळदा तिचा नसतो, आणि तो तिच्यावर टाकण्याचा हक्क आपल्याला नाही.

अशा मुलाचं प्रथिन जठरातून गळत असू शकतं. मेनेत्रिए आजारात जठराच्या आतल्या घड्या अवाढव्य जाड होतात आणि त्यांतून प्रथिन पोटात झिरपत राहतं. या घड्यांचं वर्णन फ्रेंच डॉक्टर मेनेत्रिए यांनी १८८८ साली केलं. मोठ्यांमध्ये हा आजार चिवट असतो, वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. मुलांमध्ये मात्र त्याची चाल वेगळी. बऱ्याचदा सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गापाठोपाठ उलट्या, पोटदुखी, अन्नावरची वासना उडणं आणि मग पापण्यांवर, पायांवर सूज. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. म्हणूनच निदान महत्त्वाचं. ते झालं तर आधार देऊन वाट पाहता येते. ते हुकलं तर किडनीचा नेफ्रॉटिक आजार समजून स्टेरॉइड सुरू होतात, नाहीतर अल्ब्युमिनच्या महागड्या बाटल्या चढतात आणि पुन्हा पोटातच गळून जातात.

गळती शोधायची कशी? शौचातलं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन मोजून. हे प्रथिन आतड्यात पचत नाही, म्हणून ते गळतीची साक्ष देतं. पण जठरातलं आम्ल ते नष्ट करतं. गळती जठरातूनच होत असेल तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. आम्ल कमी करणारं औषध आधी देऊन नमुना घ्यावा लागतो. ही बारीक गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात राहते, आणि मला ती आज या सभागृहात मोठ्याने सांगायची होती. ही तपासणी सगळीकडे होत नाही, हेही खरं. सोनोग्राफी मात्र तालुक्यालाही मिळते, आणि जठराची जाड झालेली भिंत तिच्यावर दिसू शकते. पक्कं निदान दुर्बिणीने आणि बायोप्सीनेच.

प्रथिन असं गळण्याची इतर कारणंही आहेत. इओसिनोफिलिक जठरविकार, आतड्यातल्या लसीकावाहिन्या फुगण्याचा, वाल्डमान यांनी १९६१ मध्ये मांडलेला आजार, २०१७ मध्ये उलगडलेला सीडी५५ च्या अभावाचा आनुवंशिक आजार आणि त्यावर अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेलं पोझेलिमॅब, यांवर जाणकार वक्ते बोलणारच आहेत. मी त्यांची वेळ घेत नाही.

निवासी डॉक्टरांनो, विनंती विशेषतः तुम्हाला आहे. रात्रपाळीत सुजलेलं मूल सर्वांत आधी तुम्हीच पाहता. लघवीत प्रथिन नसेल तर केसपेपरवर ‘कुपोषण’ लिहिण्याआधी उलट्यांबद्दल विचारा, जठराची सोनोग्राफी सांगा आणि त्या आईला खुर्ची द्या.