आस्तिक कोण, नास्तिक कोण?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. आपण सगळे चाळिशी ओलांडलेले आहोत. आईवडिलांची आजारपणं, मुलांचे प्रश्न यांतून देवाचा विषय आपल्या गप्पांत येतोच आणि बहुतेक वेळा भांडणावर जातो. मी इंजिनिअर, तत्त्वज्ञान रीतसर शिकलेली नाही. पण काही वर्षांपासून भारतीय दर्शनांविषयी आवडीने वाचते आहे. त्यातलं थोडं सांगते.

देव मानणारा तो आस्तिक आणि न मानणारा तो नास्तिक, असं आपण सहज म्हणतो. जुन्या शास्त्रकारांची वाटणी वेगळी होती. मनुस्मृतीत नास्तिक म्हटलंय ते वेदांची निंदा करणाऱ्याला. पुढे वेदांचं प्रामाण्य मानणारी ती आस्तिक दर्शनं, असा अर्थ रूढ झाला. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा आणि वेदान्त ही ती सहा. आता गंमत बघा. वेदांचे सगळ्यांत कट्टर अभिमानी म्हणजे मीमांसक. यज्ञ कसा करायचा याची बारीकसारीक चर्चा त्यांनी केली. आणि तेच जगाचा निर्माता ईश्वर नाकारतात! वेद कोणी रचलेलेच नाहीत, मग त्यांना कर्ता कशाला हवा? कुमारिल भट्ट तर विचारतात, की ईश्वराने दयेपोटी जग निर्माण केलं म्हणता, तर सृष्टीच्या आधी दया करायला होतं कोण? आणि दयाच होती, तर सगळे सुखी का नाहीत?

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांतही जगाची उकल प्रकृती आणि पुरुष या दोहोंतून होते. निर्मात्याची गरज पडत नाही. योगदर्शनात ईश्वर आहे, पण जग घडवणारा म्हणून नव्हे. चित्त एकाग्र करायला आधार म्हणून. उलट नैयायिक ईश्वर तर्काने सिद्ध करायला निघतात. घडा आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग आहे म्हणजे कर्ता असणार. उदयनाचार्यांनी यासाठी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली. त्यात ते म्हणतात, की ईश्वराविषयीची ही तर्कचर्चा हीसुद्धा उपासनाच आहे. दुसरीकडे जैन वेद मानत नाहीत, निर्माताही मानत नाहीत. तरी त्यांची मंदिरं आहेत, पूजा आहे, कडक व्रतं आहेत.

म्हणजे निर्माता मानणं, ग्रंथ मानणं आणि पूजाअर्चा करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची एकच मोट बांधतो आणि मग माणसाला एका शब्दात बसवतो.

हे मला स्वतःपुरतं महत्त्वाचं वाटलं. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडच्या गौरी मी बसवते. देव आहे का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. मैत्रिणी विचारतात, ‘मग हे ढोंग नाही का?’ मी काही मीमांसक नाही. वेदाज्ञा म्हणून मी गौरी बसवत नाही. पण देवाविषयी खात्री नसताना कर्म मनापासून करता येतं, एवढं मी आता न संकोचता सांगते.

दुसरी गोष्ट वाद घालण्याच्या पद्धतीची. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचं आणि मग खंडन करायचं. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’ची सुरुवातच चार्वाकांच्या मतापासून होते. हे विरोधक नेहमी न्यायाने वागले असं नाही. टिंगलही पुष्कळ झाली. तरी चार्वाकांचं म्हणणं आज आपल्याला कळतं, ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच. आमच्या कामातही दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये चूक दाखवायची तर तो आधी नीट वाचावा लागतो.

गेल्या वर्षी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असाच वाद झाला. एकाला ‘अंधभक्त’ म्हटलं गेलं, एकीला ‘धर्मबुडवी’. दोघंही ग्रुप सोडून गेली. एकाच बाकाच्या पुढे-मागे दहा वर्षं बसलेली ही माणसं. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडून मग ‘मला हे मान्य नाही’ असं तेव्हा कुणीच लिहिलं नाही.

ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचं रूपक आहे. सहा दर्शनं म्हणजे त्याचे सहा हात. त्यांची मतं जुळत नाहीत, म्हणून हातांत आयुधं वेगवेगळी. तर्काचा परशू आहे, वेदान्ताचा मोदक आहे. ज्ञानदेवांना सगळी मतं सारखीच मान्य होती असं नाही. खंडित झालेल्या बौद्धमताला त्यांनी तुटलेल्या दाताची उपमा दिली आहे. पण निर्माता न मानणारं सांख्य आणि मीमांसा हेही त्याच गणपतीचे हात आहेत.

दुपारी जेवणं झाल्यावर आपल्याला दोन तास मोकळे आहेत. ज्याच्याशी आपलं पटत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि ‘तुझं नेमकं म्हणणं काय?’ एवढं विचारा. उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. आपल्या बाईंच्या तासाला हे आपल्याला जमत होतं.